एकाच बाजूचं नाक: साध्या गाठीचं आणि तिच्या मुळाचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका रुग्णाचं नाही. नाकात वाढणाऱ्या ‘इन्व्हर्टेड पॅपिलोमा’ या साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, गाठीचे रुग्ण ज्या वाटेने येतात आणि त्यांच्या कागदपत्रांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एका माणसाभोवती जुळवून इथे मांडलं आहे. आजाराचं वागणं, तपासण्या आणि उपचारांचे निर्णय मात्र या आजारात प्रत्यक्ष असतात तसेच आहेत.

रुग्ण ५४ वर्षांचे गृहस्थ. उजवी नाकपुडी तीन वर्षांपासून चोंदलेली. डावी पूर्ण मोकळी. अधूनमधून उजवीकडून पातळ पाणी यायचं, कधी शिंकरताना रक्ताची रेघ दिसायची. वास कमी झाला होता, पण तो वयामुळे असेल असं त्यांनी धरून चाललं होतं. दुखणं अजिबात नव्हतं, आणि दुखत नाही म्हणून घाई नव्हती. बरीच वर्षं सिगारेट ओढत होते, अलीकडे सोडली होती.

सुरुवातीला ॲलर्जी म्हणून गोळ्या झाल्या, मग नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा. फरक पडला नाही. पुढे एका रुग्णालयात दुर्बिणीतून ‘नाकातलं मांस’ काढलं. आठेक महिने नाक छान मोकळं राहिलं, मग तीच बाजू पुन्हा बंद. तिथल्या तपासणीचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. त्यावर निदान होतं सुजेमुळे झालेला साधा कोंब (पॉलिप), कर्करोगाच्या पेशी नाहीत. त्या एका ओळीवर घरच्यांनी दोन वर्षं निर्धास्त काढली.

या कागदाकडे मी बराच वेळ पाहतो, कारण प्रकरणाची खरी गाठ तिथे आहे. ॲलर्जीमुळे किंवा सायनसच्या जुनाट सुजेमुळे होणारे कोंब बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतात. सूज संपूर्ण अस्तराची असते, ती डावं-उजवं बघत नाही. एकाच बाजूला वाढलेलं मांस दिसलं की विचारांची दिशा बदलावी लागते. ते बुरशीचं असू शकतं, वरच्या दाढेच्या मुळातून आलेल्या जंतुसंसर्गाचं असू शकतं, गालाच्या पोकळीतून निघून मागे घशाकडे लोंबणारा एकुलता कोंब असू शकतो. आणि ती खरीखुरी गाठही असू शकते. यातलं काय आहे ते कळेपर्यंत त्याला ‘कोंब’ म्हणून मोकळं होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा समोर फिकट, पारदर्शक, मऊ कोंब दिसले. एवढंच पाहून थांबलं असतं तर पहिल्या कागदावरचंच निदान पुन्हा लिहिलं गेलं असतं. ते बाजूला सारल्यावर मागे वेगळंच काही होतं. राखाडी-लालसर, खडबडीत, घट्ट, स्पर्श होताच किंचित रक्त येणारं. ते बाहेरच्या भिंतीकडून, गालाच्या पोकळीचं तोंड जिथे उघडतं तिथून बाहेर आलं होतं. गाठीने वाट अडवली की तिच्या पुढच्या अस्तराला सूज येते आणि तिथे खरेखुरे साधे कोंब तयार होतात. म्हणजे समोर कोंब आणि मागे गाठ अशी रचना होते. समोरचा तुकडा तपासायला पाठवला तर अहवाल ‘साधा कोंब’ असाच येणार, आणि त्या तुकड्यापुरता तो अगदी बरोबर असणार.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या पेशींचा मेणात घातलेला ठोकळा मागवून घेतला. ठोकळा एकच होता. आमच्या पॅथॉलॉजिस्टनी तो पुन्हा पाहिला आणि पहिल्या अहवालाशी त्या पूर्ण सहमत झाल्या. त्यात गाठीचा अंशही नव्हता. बाकीचं मांस, तेव्हाच्या नोंदीवरून दिसतं तसं, फिरत्या पात्याच्या उपकरणाने खेचून शोषनळीतून बाटलीत गेलं आणि तिथून टाकून दिलं गेलं. पॅथॉलॉजिस्टला जे मिळतं त्याबद्दलच ते बोलू शकतात. शोषनळीच्या वाटेवर एक जाळीची पिशवी बसवता येते. कापलेलं सगळं त्यात साठतं आणि तपासणीला पाठवता येतं. इतकी छोटी गोष्ट, पण तिच्यावाचून या रुग्णाचं निदान दोन वर्षं लांबलं.

मागची गाठ पाहताक्षणी तिचा तुकडा घ्यावासा वाटणं स्वाभाविक असतं. तरी आधी स्कॅन, मग तुकडा, हा क्रम आम्ही मोडत नाही. नाकात एका बाजूला दिसणारा गोळा कधी कधी मेंदूच्या आवरणाची खाली उतरलेली पिशवी असते. किशोरवयीन मुलांमध्ये ती रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ असू शकते, तिला चिमटा लावला तर रक्त थांबवणं अवघड होतं. या रुग्णाच्या वयाला दुसरी शक्यता जवळजवळ नव्हती, पण सवय सैल पडू द्यायची नसते.

सीटी स्कॅनमध्ये उजव्या गालाची पोकळी आणि डोळ्यांमधल्या बारीक सायनसांचा पुढचा भाग भरलेला दिसला. नाक आणि गालाची पोकळी यांच्यामधली पातळ हाडाची भिंत दाबाने झिजून गेली होती. डोळ्याकडचं हाड शाबूत होतं, मेंदूखालचंही. खरी महत्त्वाची खूण मात्र आणखी एक होती. गालाच्या पोकळीच्या पुढच्या भिंतीवर, खाली, हाड एका ठिकाणी जाड झालं होतं, छोट्या टोकदार उंचवट्यासारखं. या जातीची गाठ जिथे हाडाला चिकटून उगवते तिथलं हाड बऱ्याचदा असंच जाडावतं. पोकळी पूर्ण भरलेली असली तरी गाठीचं मूळ त्याच्या आसपास शोधायचं असतं.

एमआरआय केला तो दोन कारणांसाठी. सीटीमध्ये गाठ, साठलेला शेंबूड आणि सुजलेलं अस्तर सगळं सारखंच राखाडी दिसतं. एमआरआय ते वेगळं करतो. त्यामुळे गाठ वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली, वरच्या सायनसांमध्ये नुसता द्रव कोंडला होता. दुसरं कारण गाठीची आतली रचना. या गाठीत एमआरआयवर मेंदूच्या पृष्ठभागावर असतात तशा वळ्या दिसतात, गडद-फिकट पट्टे एकाआड एक. इथेही त्या स्पष्ट होत्या. फक्त खालच्या पुढच्या कोपऱ्यात, जाड हाडाजवळ, वळ्या पुसट झाल्या होत्या. रेडिओलॉजिस्टनी अहवालात त्या जागेचा वेगळा उल्लेख केला. वळ्या तुटणं म्हणजे कर्करोग असं समीकरण नाही, पण तिथून आलेलं मांस वेगळं ठेवायचं हे त्या दिवशीच ठरलं.

नंतर मागच्या घट्ट भागातून, वेगवेगळ्या खोलीवरून तुकडे घेतले. निदान आलं: इन्व्हर्टेड पॅपिलोमा.

नाक आणि सायनसच्या अस्तरातून उगवणाऱ्या पॅपिलोमाचे तीन प्रकार मानले जातात. एक बाहेरच्या बाजूला वाढतो, मुख्यतः नाकाच्या मधल्या पडद्यावर. त्याचा मानवी पॅपिलोमा विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांशी संबंध आहे आणि तो कर्करोगाकडे क्वचितच वळतो. दुसरा ऑन्कोसायटिक, सगळ्यांत दुर्मीळ, पण कर्करोगाचा धोका असलेला. तिसरा हा, तिघांत सर्वाधिक आढळणारा. याच्या पेशींचे थर बाहेर वाढण्याऐवजी खालच्या ऊतीत शिरतात, हातमोज्याची बोटं आत दुमडली जावीत तसे. पेशींच्या थराखालचा तळाचा पडदा न फोडता ते आत जातात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ साधीच ठरते. पण वागायला ती साधी नाही. हाड झिजवते, मूळ राहिलं तर पुन्हा उगवते, आणि काही जणांमध्ये कर्करोगात बदलते.

वॉर्ड यांनी १८५४ मध्ये तिचं वर्णन केलं. पेशी आतल्या बाजूला वाढतात ही गोष्ट रिंगर्ट्झ यांनी १९३८ मध्ये नीट मांडली. एवढी जुनी ओळख असूनही ती नेमकी कशाने होते याचा उलगडा अजून अर्धवट आहे. २०१५ मध्ये दिसून आलं की या गाठींपैकी बहुतेकांमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असतो. पेशींना वाढीचा निरोप देणारं हे जनुक कायम चालू राहतं. ज्या गाठींत हा बदल नसतो त्यांत पॅपिलोमा विषाणू जास्त सापडतो, आणि अशा गाठी कर्करोगाकडे झुकण्याची शक्यता अधिक दिसली आहे. पुरुषांमध्ये हा आजार स्त्रियांच्या सुमारे तिप्पट, आणि मुख्यतः पन्नाशी-साठीत. धूम्रपानाचा संबंध गाठ होण्यापेक्षा ती बिघडण्याशी अधिक जोडला जातो.

निदान सांगायला बसलो तेव्हा त्यांच्या पत्नीने पहिलाच प्रश्न थेट विचारला.

“डॉक्टर, ह्यांना कॅन्सर आहे का?”

“तपासलेल्या तुकड्यांत कॅन्सर नाही. पण ही गाठ ठेवून देण्याजोगी नाही.”

“मग साधी म्हणताय ती कशी?”

हा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर आकड्यांतच द्यावं लागतं. अशा गाठी असलेल्या १०० जणांपैकी साधारण ५ ते १५ जणांत कर्करोग आढळतो. त्यांतल्या बऱ्याच जणांत तो गाठ पहिल्यांदा काढतानाच एखाद्या कोपऱ्यात असतो, उरलेल्यांत पुढे काही वर्षांनी होतो. म्हणजे बहुसंख्य लोकांना तो कधीच होत नाही. पण तुमची गाठ कोणत्या गटातली, हे ती पूर्ण काढून पूर्ण तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. चिमट्याने घेतलेले तुकडे म्हणजे गाठीचा अगदी छोटा वाटा. त्यात नाही म्हणजे कुठेच नाही, असा अर्थ काढता येत नाही. हे मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. घाबरवायचं नव्हतं, पण पहिल्या अहवालाने दिलेला खोटा दिलासा दुसऱ्यांदा द्यायचा नव्हता.

गोळ्यांनी ही गाठ जात नाही. फवाऱ्याने समोरचे कोंब आक्रसतात, नाक थोडं उघडतं आणि गाठ आहे तिथेच राहते. साध्या स्वरूपातल्या गाठीला रेडिएशनही देत नाहीत. राहते ती शस्त्रक्रिया.

पूर्वी यासाठी नाकाच्या कडेने चेहऱ्यावर चीर देऊन गालाच्या पोकळीची आतली भिंत सबंध काढत. त्याआधीच्या काळात नाकातून दिसेल तेवढं ओढून काढलं जाई आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ परत येई. आज दुर्बिणीने बहुतेक गाठी चेहऱ्यावर चीर न देता निघतात, आणि निकाल चिरेच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी नाहीत. फरक दुर्बिणीमुळे पडला हे अर्धंच खरं आहे. मोठा फरक पडला तो ही गाठ मुळाशी, थोड्याच जागेवर हाडाला धरून असते आणि बाकीची पोकळीत नुसती लोंबत असते, हे कळल्यामुळे. लोंबणारा भाग कितीही स्वच्छ काढला तरी मूळ राहिलं तर काम झालेलं नसतं. आणि मुळाखालच्या हाडाच्या खाचाखोचांत गाठीच्या पेशी शिरलेल्या असतात, म्हणून अस्तर खरवडून भागत नाही, हाडही घासावं लागतं.

गाठ कुठवर पोचली आहे त्यावरून टप्पे ठरवणाऱ्या क्राउझ यांच्या २००० सालच्या वर्गवारीनुसार ही गाठ तिसऱ्या टप्प्यात बसत होती, कारण मूळ गालाच्या पोकळीच्या पुढच्या भिंतीवर होतं. ही जागा अडचणीची. नाकातून पोकळीचं तोंड मोठं करून आत पाहिलं तरी पुढची भिंत दुर्बिणीच्या मागे राहते. पहिल्या शस्त्रक्रियेत मूळ का राहिलं असावं, याचं हे एक सरळ कारण आहे. आम्ही अश्रुनलिकेच्या पुढून वाट काढायचं ठरवलं. त्या वाटेने अश्रुनलिका आणि नाकातलं खालचं मांसल हाड दोन्ही वाचतात आणि पुढची भिंत सरळ समोर येते. याची एक किंमत असते: वरच्या ओठाला, हिरडीला किंवा पुढच्या दातांना काही महिने बधिरपणा येऊ शकतो. तो आधी सांगितला, कागदावरही लिहिला.

शस्त्रक्रियेत आधी लोंबणारा भाग कमी केला. तो सगळा जाळीत साठवला. मग वाट मोकळी झाल्यावर मूळ दिसलं, स्कॅनने दाखवलं होतं तिथेच, नखाएवढ्या जागेवर. त्याच्याभोवती निरोगी दिसणाऱ्या अस्तराचा घेर धरून, हाडावरच्या आवरणासकट ते एका तुकड्यात उचललं. कडांचे चार तुकडे शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून तपासले. एका कडेला गाठ लागली. तिथे आणखी घेतलं, पुन्हा तपासलं, मग कडा स्वच्छ आल्या. शेवटी हिऱ्याच्या टोकाच्या ड्रिलने जाडावलेलं हाड सपाट होईपर्यंत घासलं. पोकळीचं तोंड मुद्दाम मोठं ठेवलं. हवा खेळावी हा त्यातला दुय्यम हेतू होता. पुढची कित्येक वर्षं दवाखान्यात बसूनच दुर्बिणीने प्रत्येक कोपरा पाहता यावा, हा मुख्य होता.

पॅथॉलॉजीकडे वेगवेगळ्या बरण्या गेल्या: लोंबणारा भाग, मूळ, एमआरआयवर वळ्या पुसट दिसल्या तो कोपरा, कडा, हाडाचा चुरा. प्रत्येकीवर जागेचं नाव. हे काम कंटाळवाणं वाटतं आणि शस्त्रक्रियेच्या शेवटी सगळे थकलेले असतात, पण सगळं एका बरणीत टाकलं असतं तर पुढचा निर्णय घेता आला नसता.

दहा दिवसांनी अहवाल आला. बहुतांश गाठ साधी. पुसट कोपऱ्याच्या बरणीत मात्र एका छोट्या भागात पेशींच्या थराच्या पूर्ण जाडीत कर्करोगाचे बदल होते. तळाचा पडदा त्यांनी ओलांडलेला नव्हता. म्हणजे कर्करोग जागच्या जागी होता, आत शिरलेला नव्हता. मुळाच्या आणि कडांच्या बरण्यांत असं काही नव्हतं, हाडाचा चुराही स्वच्छ.

हे प्रकरण ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीपुढे, ठेवलं. तिथे खरी चर्चा झाली. एक मत होतं की रेडिएशन देऊन टाकावं, धोका कशाला घ्यायचा. कर्करोग आत शिरलेला असता किंवा कडा स्वच्छ नसत्या तर त्यावर वादच नव्हता. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन हाच मार्ग, कारण अशा गाठीतून होणारा कर्करोग बहुतेकदा स्क्वेमस, म्हणजे अस्तरातल्या चपट्या, पेशींचा असतो आणि तो पसरतो. पण इथे बदल वरच्या थरापुरते होते, कडा मोकळ्या होत्या, आणि पोकळी दुर्बिणीने सहज दिसणारी होती. रेडिएशनचे स्वतःचे परिणाम असतात: नाक कायमचं कोरडं आणि खपल्यांनी भरलेलं, डोळ्याजवळच्या भागाला धोका, जबड्याच्या हाडाला त्रास. शिवाय ते एकदा दिलं की पुढे खरी गरज पडली तर तो उपाय बराचसा खर्ची पडलेला असतो. पॅथॉलॉजिस्टनी त्या भागाचे आणखी खोलवरचे काप घेतले, कुठेही घुसखोरी सापडली नाही. त्यानंतर एकमत झालं की रेडिएशन नको, कडक पाठपुरावा हवा.

मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो. त्याची सगळी भिस्त रुग्ण परत येण्यावर आहे, आणि ते मी दोघांना स्पष्ट सांगितलं. तुम्ही तपासणीला येणार नसाल तर मी वेगळा सल्ला देईन, असं म्हटल्यावर पत्नीने डायरी काढली आणि तारखा लिहून घेतल्या.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर चार महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी. जखम भरल्यावर एक एमआरआय, पुढच्या तुलनेसाठी पाया म्हणून. दरम्यान लगेच यायचं ते कशासाठी, तेही त्यांना लिहून दिलं: गाल बधिर होणं, दात हलणं, दोन-दोन दिसणं, डोळा पुढे येणं, तोंड उघडायला त्रास, मानेत गाठ, किंवा त्याच बाजूने रक्त. वरच्या ओठाचा बधिरपणा शस्त्रक्रियेनंतर आला होता, तो पाचव्या महिन्यात ओसरला. नवा बधिरपणा आणि हा जुना यांतला फरक त्यांना समजावून सांगावा लागला, कारण दरवेळी त्याच भीतीने त्यांची झोप उडत होती. बरं झाल्यावरही अशी भीती राहते. तिच्यासाठी वेळ काढणं हाही मी उपचाराचाच भाग मानतो.

तिसऱ्या वर्षी, नेहमीच्या तपासणीत, घासलेल्या हाडाच्या कडेला चार मिलिमीटरचा खडबडीत ठिपका दिसला. त्यांना काहीच जाणवत नव्हतं. नाक मोकळं, रक्त नाही, दुखणं नाही. ही गाठ परत येते ती बहुतेकदा मूळ जागीच, म्हणजे पेशी कुठेतरी राहून गेलेल्या असतात. बहुतेक वेळा ती पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसते, पण पाच वर्षांनंतर, कधी दहानंतरही दिसल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पाच वर्षं झाली की मोकळे, असं आम्ही या आजारात म्हणत नाही.

जागा बधिर करून तो ठिपका आवरणासकट काढला आणि खालचं हाड पुन्हा घासलं. रुग्ण दुपारी घरी गेले. अहवालात साधा इन्व्हर्टेड पॅपिलोमा होता, पेशींत बिघाड नव्हता, कडा स्वच्छ होत्या. जुने काप शेजारी ठेवून पॅथॉलॉजिस्टनी दोन्हींची तुलना केली आणि तसं अहवालात लिहिलं. तपासण्यांचं वेळापत्रक मात्र आम्ही पुन्हा पहिल्या वर्षाच्या पायरीवर आणलं: दर तीन महिन्यांनी एकदा, आणि सहा महिन्यांनी नवा एमआरआय.